आकडा आहे, अट कुठे आहे?: फुटीच्या विक्रमपत्त्यांचे परीक्षण

मेलबर्नच्या हिवाळ्यात सव्वापाचलाच अंधार पडतो, आणि शनिवारचा सामना संपल्यावर उरलेल्या लांबलचक संध्याकाळीचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो. गेल्या हिवाळ्यात त्यावर उपाय म्हणून मी एका पुस्तकांच्या दुकानातून ३५ डॉलरला पत्त्यांचा एक संच विकत घेतला. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे इथे सगळे ज्याला नुसते ‘फुटी’ म्हणतात त्या खेळातील चमत्कारिक आकडेवारी आणि विक्रम यांवरील दीडशे प्रश्न त्यात आहेत. सुमारे दहा आठवडे आम्ही तो खेळलो. आम्ही म्हणजे मी, माझी बारा वर्षांची मुलगी आणि शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, जे जन्मापासून कॉलिंगवुड क्लबचे पाठीराखे आहेत. संचात मला बऱ्याच उणिवा आढळल्या. तो एका लहान प्रकाशकाचा असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. अशा धर्तीचे अनेक संच बाजारात आहेत, आणि त्यांपैकी कोणताही घेताना काय पारखून घ्यावे हे सांगणे मला नाव सांगण्यापेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.

प्रथम बाह्यांगाविषयी. खोके मजबूत आहे; मात्र झाकण इतके घट्ट बसते की ते उघडताना पत्ते हमखास जमिनीवर सांडतात. पत्त्यांचा कागद जाड आहे आणि वरचा मुलामा चहाचे डाग सहन करतो, याची खात्री आम्ही अनवधानाने करून घेतली आहे. प्रश्नाची बाजू ठळक अक्षरांत छापलेली आहे, पण उत्तराची बाजू फिकट राखाडी आणि बारीक अक्षरांत असल्यामुळे शेजारच्या गृहस्थांना प्रत्येक वेळी दिव्याखाली जावे लागते. गुण देण्याची पद्धत मात्र कल्पक आहे. अचूक उत्तराला सहा गुण, म्हणजे ‘गोल’, आणि जवळपासच्या उत्तराला एक गुण, म्हणजे ‘बिहाइंड’. ‘जवळपास’ म्हणजे नेमके किती, हे कुठेही सांगितलेले नाही, आणि आमच्याकडे झालेल्या वादांपैकी निम्मे त्यातूनच उद्भवले.

नवख्या माणसासाठी गुणलेखनाची रीत समजावून देणारा एखादा पत्ता असायला हवा होता, तो नाही. ही रीत कळल्याशिवाय या खेळातील एकाही विक्रमाची चव लागत नाही, म्हणून ती थोडक्यात सांगतो. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने गेला तर गोल आणि सहा गुण. बाजूच्या खांबापर्यंतच्या जागेतून गेला तर बिहाइंड आणि एक गुण. धावफलकावर ‘१५.१० (१००)’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ १५ गोल, १० बिहाइंड आणि एकूण १०० गुण असा होतो. मधले टिंब दशांशचिन्ह नव्हे. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम १८९७ मध्ये आठ क्लबांनिशी सुरू झाला, तेव्हाच बिहाइंड एकूण गुणांत धरला जाऊ लागला. त्यापूर्वी व्हिक्टोरियातील सामन्यांचा निकाल केवळ गोलांवर लागत असे. तीच लीग १९९० पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग म्हणून ओळखली जाते, आणि विक्रमांची मोजणी १८९७ पासूनच अखंड धरली जाते.

या लेखनपद्धतीचा एक फायदा असा की आकडा स्वतःच स्वतःची साक्ष देतो, आणि संचातील सर्वांत ढळढळीत चूक आम्हाला त्यामुळेच सापडली. १९४८ च्या अंतिम सामन्यावरील पत्त्यावर एसेन्डनचे गुण ‘७.७ (६९)’ असे छापले आहेत. सात गोलांचे बेचाळीस आणि सात बिहाइंडचे सात, म्हणजे एकोणपन्नास. मुलीने ही बेरीज तोंडी करून पत्ता माझ्यापुढे सरकवला. खरा आकडा ७.२७ (६९) आहे; छपाईत दोनाचा अंक गळला, आणि त्याबरोबर सगळी गंमतही गळून पडली. कारण त्या सामन्यात मेलबर्नने १०.९ (६९) केले होते. एसेन्डनने चौतीस वेळा गुण मिळवला आणि मेलबर्नने अवघ्या एकोणीस वेळा, तरीही सामना बरोबरीत सुटला. लीगच्या इतिहासात बरोबरीत सुटलेला तो पहिला ग्रँड फायनल होय. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा खेळवण्यात आला आणि मेलबर्नने विजेतेपद नेले. सत्तावीस बिहाइंडपैकी कोणताही एक गोल ठरला असता तर पुढच्या आठवड्याची गरजच पडली नसती. हे सगळे ज्या एका अंकात साठवलेले आहे, नेमका तोच अंक गळावा, याला काय म्हणावे?

ती झाली छपाईतील चूक. संचाचा खरा दोष मात्र वेगळा आहे, आणि तो चुकीच्या आकड्यांत नसून बरोबर आकड्यांत आहे. पत्त्यावर विक्रम लिहिलेला असतो. तो ज्या नियमामुळे, ज्या परिस्थितीमुळे किंवा ज्या मोजणीच्या रीतीमुळे घडला, ती अट लिहिलेली नसते. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ब्राउनलो पदकाचा पत्ता. हंगामातील सर्वोत्तम आणि खिलाडू खेळाडूला हे पदक पंचांच्या मतांवर दिले जाते. ‘एका हंगामात सर्वाधिक मते कोणाला?’ या प्रश्नाचे छापील उत्तर ‘ग्रॅहम टीझडेल, साउथ मेलबर्न, १९७७, ५९ मते’ एवढेच आहे. आकडा खरा आहे. पण १९७६ आणि १९७७ या दोन हंगामांत मैदानावरील दोन्ही पंच प्रत्येक सामन्यानंतर स्वतंत्रपणे तीन, दोन आणि एक अशी मते देत असत, म्हणजे एरवीच्या दुप्पट मते वाटली जात. १९७६ चा विजेता ग्रॅहम मॉस याच्या नावावर ४८ मते दिसतात, तीही त्याच कारणाने. एकत्रित मतांची नेहमीची पद्धत धरली तर सर्वांत मोठा आकडा कार्लटनच्या पॅट्रिक क्रिप्सचा आहे: २०२४ मध्ये ४५ मते. त्यापूर्वी ३६ हा आकडा उच्चांक मानला जात होता. हे माहीत नसलेल्या वाचकाला टीझडेल हा क्रिप्सपेक्षा चौदा मतांनी सरस वाटेल, आणि तुलना मुळातच जमणारी नाही हे त्याला कळणारही नाही.

त्याच्या उलट टोकाला १९३० चा पत्ता आहे, आणि तो मात्र उत्तम उतरला आहे. त्या वर्षी रिचमंडचा स्टॅन जडकिन्स, कॉलिंगवुडचा हॅरी कॉलियर आणि फुट्सक्रेचा अ‍ॅलन हॉपकिन्स यांना प्रत्येकी चार मते पडली. संपूर्ण हंगामात अवघी चार मते मिळवून पदक मिळते हे वाचून आश्चर्य वाटते, पण त्या काळी प्रत्येक सामन्यात पंच एकाच खेळाडूला एकच मत देत असे, आणि ही अट पत्त्यावर स्पष्ट लिहिलेली आहे. पदक जडकिन्सला मिळाले, कारण तो तिघांत सर्वांत कमी सामने खेळला होता. बाकीच्या दोघांना १९८९ मध्ये मागाहून पदके देण्यात आली. चार ओळींत नियम, वाद आणि एकोणसाठ वर्षांनंतरचा निवाडा हे तिन्ही मावतात. मग १९७७ च्या पत्त्यावरच जागा कशी अपुरी पडली, ते समजत नाही.

सेंट किल्डा या क्लबवर संचात तब्बल अकरा पत्ते आहेत, आणि त्यांतला एकही मला काढून टाकावासा वाटला नाही. लीगमधील आजवरची सर्वांत कमी धावसंख्या, किंबहुना गुणसंख्या, याच क्लबची आहे: १८९९ मध्ये जिलाँगविरुद्ध कोरिओ ओव्हलवर ०.१ (१). समोर जिलाँगचे २३.२४ (१६२). ‘बाबा, मग तो एक तरी कसा मिळाला?’ असे मुलीने विचारले, त्याचे उत्तर पत्त्यावर नाही आणि माझ्याकडेही नव्हते. सेंट किल्डाने १८९७ पासून आपले पहिले अठ्ठेचाळीस सामने सलग गमावले, म्हणजे तीन पूर्ण हंगाम एकही विजय नाही. शून्य गोलांचा प्रकार केवळ एकोणिसाव्या शतकातला असावा असे वाटत असताना पुढचाच पत्ता निघतो तो १९६१ चा. त्यात रिचमंडने ०.८ (८) केले, आणि ते नेमके सेंट किल्डाविरुद्धच. संपूर्ण सामन्यात एकही गोल न करणारा त्यानंतर लीगमध्ये दुसरा संघ झालेला नाही.

पण सेंट किल्डाच्या पत्त्यांतील मानाचे स्थान मी एका जोडीला देईन. दुर्दैवाने संचात ते दोन पत्ते वेगवेगळ्या रंगांच्या गटांत टाकलेले आहेत, आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते कोठेही सांगितलेले नाही. क्लबचा पहिला विजय १९०० च्या पहिल्या फेरीतला. मेलबर्नविरुद्धचा तो सामना मैदानावर बरोबरीतच संपला होता. तिसऱ्या क्वार्टरची घंटा झाल्यानंतर मेलबर्नला एक बिहाइंड देण्यात आला, असा आक्षेप सेंट किल्डाने घेतला. तो मान्य झाला, तो एक गुण वजा झाला आणि अठ्ठेचाळीस पराभवांनंतरचा पहिला विजय असा कागदावर मिळाला. आता दुसरा पत्ता. ३० एप्रिल २००६ रोजी टास्मानियातील लॉन्सेस्टन येथे सेंट किल्डा आणि फ्रीमॅन्टल यांच्यात सामना होता. फ्रीमॅन्टल एका गुणाने पुढे असताना शेवटचा सायरन वाजला, पण तो पंचांना ऐकू आला नाही. खेळ चालू राहिला, सेंट किल्डाच्या स्टीव्हन बेकरच्या लाथेवर एक बिहाइंड मिळाला आणि ९४-९४ अशी बरोबरी जाहीर झाली. काही दिवसांनी लीगने तो बिहाइंड रद्द करून फ्रीमॅन्टलला एका गुणाने विजयी ठरवले. मैदानावरचा निकाल अशा रीतीने बदलला जाण्याची १९०० नंतरची ती पहिलीच वेळ होती. म्हणजे एकशे सहा वर्षांच्या अंतराने तोच क्लब, तीच बरोबरी आणि वेळ संपल्यानंतरचा तोच एक बिहाइंड. एकदा फायद्याचा, एकदा तोट्याचा. हे दोन पत्ते एकमेकांना जोडून ठेवण्याची बुद्धी संपादकाला झाली असती, तर या संचाला मी आणखी एक तारा दिला असता.

१९१६ च्या पत्त्याचेही कौतुक केले पाहिजे. ‘एकाच हंगामात तळाला राहून विजेता ठरलेला संघ कोणता?’ हा प्रश्न प्रथम ऐकणाऱ्याला फसवा वाटतो. पहिल्या महायुद्धामुळे त्या वर्षी फक्त चार क्लब खेळले: कार्लटन, कॉलिंगवुड, फिट्झरॉय आणि रिचमंड. बारा सामन्यांत केवळ दोन विजय आणि एक बरोबरी मिळवून फिट्झरॉय गुणतक्त्यात चौथा, म्हणजे शेवटचा राहिला. पण बाद फेरीला चार संघ पात्र ठरण्याचा नियम तसाच ठेवलेला असल्याने शेवटचा संघही पात्र ठरला, आणि तेथे फिट्झरॉयने लागोपाठ तीन सामने जिंकून विजेतेपद मिळवले. तळाच्या संघाला गमतीने दिला जाणारा ‘वुडन स्पून’ आणि प्रीमियरशिप या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी पटकावणारा दुसरा संघ नाही. पत्त्याच्या मागे चार संघांची नावे आणि पात्रतेचा नियम दोन्ही दिलेले आहेत, त्यामुळे उत्तर वाचताच कोडे सुटते. असे पत्ते दीडशेपैकी साठ-पासष्ट असतील.

‘जवळपास’ या शब्दावरून आमच्याकडे जो मोठा वाद झाला, तो लीगमधील सर्वोच्च गुणसंख्येच्या प्रश्नावर. शेजारच्या गृहस्थांनी २३८ असे ठाम उत्तर दिले. पत्त्यावरचे उत्तर २३९: जिलाँग ३७.१७ (२३९) विरुद्ध ब्रिस्बेन बेअर्स ११.९ (७५), गोल्ड कोस्टमधील कॅरारा येथील मैदान, ३ मे १९९२. एका गुणाने चुकले म्हणून त्यांना बिहाइंड द्यावा, असे मी म्हटले. पण त्यांचे म्हणणे असे की २३८ ही चूक नसून तो १९९२ पर्यंतचा विक्रमच होता. आणि ते खरे आहे. १९७९ मध्ये वेव्हर्लीच्या मैदानावर फिट्झरॉयने मेलबर्नविरुद्ध ३६.२२ (२३८) केले होते आणि मेलबर्नला ६.१२ (४८) वर रोखले होते. १९० गुणांचा तो फरक आजही सर्वांत मोठा आहे, कारण जिलाँगने अधिक गुण केले तरी बेअर्सनेही पंचाहत्तर केले होते. सर्वाधिक गुण आणि सर्वाधिक फरक हे दोन विक्रम दोन वेगळ्या सामन्यांचे आहेत, ही बाब पत्त्यावर यायला हवी होती. माझ्या मते याहून मोठी गंमत अशी की, १९९६ च्या हंगामानंतर फिट्झरॉय आणि ब्रिस्बेन बेअर्स यांचे विलीनीकरण होऊन ब्रिस्बेन लायन्स हा क्लब झाला. ज्याने २३८ केले तो आणि ज्याच्यावर २३९ झाले तो, असे दोन्ही पूर्वज एकाच घराण्यात आले. अर्थात पत्त्याला हे सुचलेले नाही.

वैयक्तिक विक्रमांचा निळा गट सर्वांत मोठा आणि, खरे सांगायचे तर, सर्वांत कंटाळवाणा आहे. त्यात टोनी लॉकेटचे कारकिर्दीतील १३६० गोल आहेत, गॉर्डन कॉव्हेंट्रीने १९३७ मध्ये निवृत्त होताना मागे ठेवलेला १२९९ चा आकडा त्याने १९९९ मध्ये सिडनी क्रिकेट ग्राउंडवर ओलांडला तेव्हा प्रेक्षक मैदानात घुसले तो प्रसंग आहे, जिम स्टाइन्स या आयरिश खेळाडूचे सलग २४४ सामने आहेत. हे सगळे कोणत्याही पाठीराख्याला पाठ असते. या गटातील अपवाद दोन. एक फ्रेड फॅनिंगचा. मेलबर्नच्या या खेळाडूने १९४७ च्या साखळी फेरीच्या अखेरच्या सामन्यात सेंट किल्डाविरुद्ध १८ गोल आणि एक बिहाइंड केला. एका सामन्यातील गोलांचा तो विक्रम आजही उभा आहे, आणि तोच त्याचा लीगमधील शेवटचा सामना ठरला. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. हॅमिल्टन या गावाच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून तो निघून गेला. पत्त्यावर ‘शेवटचा सामना’ एवढे दोन शब्द आहेत. हॅमिल्टनचे नाव नाही. लीगमधील सर्वांत मोठा विक्रम करून त्याच पावली एका आडगावी जाणारा माणूस, हे चित्र त्या दोन शब्दांत दिसत नाही.

दुसरा अपवाद १५० गोलांचा. एका हंगामात १५० गोल दोघांनी केले आहेत: साउथ मेलबर्नचा बॉब प्रॅट १९३४ मध्ये आणि हॉथॉर्नचा पीटर हडसन १९७१ मध्ये. हडसनला विक्रम मोडायला शेवटची संधी थेट ग्रँड फायनलमध्येच होती, पण त्याला तीनच गोल करता आले आणि आकडा बरोबरीवर थांबला. हॉथॉर्नने मात्र सेंट किल्डाला सात गुणांनी हरवून विजेतेपद जिंकले. हा पत्ता मला अतिशय आवडला, कारण त्यात विक्रमाच्या आकड्याइतकेच महत्त्व हुकलेल्या १५१ व्या गोलाला दिलेले आहे.

याच गटात एक प्रश्न आहे: ‘एका सामन्यात सर्वाधिक वेळा चेंडू खेळवणारा कोण?’ उत्तर, हॉथॉर्नचा टॉम मिचेल, २०१८, ५४ वेळा. येथेही अट गाळलेली आहे. लाथा आणि हाताने दिलेले पास यांची पद्धतशीर नोंद १९६५ पासूनच उपलब्ध आहे, म्हणजे त्याआधीच्या अडुसष्ट हंगामांतील कोणत्याही खेळाडूला या विक्रमाच्या स्पर्धेत उतरताच येत नाही. ‘१९६५ पासून’ एवढे लिहायला फार शाई लागली नसती. असेच २०२० चे. साथीच्या त्या वर्षी प्रत्येक क्वार्टर वीसऐवजी सोळा मिनिटांचा होता आणि साखळी फेरीही छोटी होती, म्हणून सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारे कोलमन पदक टॉम हॉकिन्सला ४२ गोलांवर मिळाले. पत्ता केवळ ‘इतक्या कमी गोलांवर पदक कोणी मिळवले?’ असे विचारतो आणि हॉकिन्सवर उगाच अन्याय करतो.

ग्रँड फायनलच्या सोनेरी गटाविषयी फारसे लिहीत नाही, कारण तेथे साहित्यच इतके सरस आहे की संपादकाला ते बिघडवणे कठीण होते. १९२७ चा पावसाने चिखलात बुडवलेला सामना, कॉलिंगवुड २.१३ (२५), रिचमंड १.७ (१३), १९७० चा १,२१,६९६ प्रेक्षकांचा सामना, ज्यात मध्यंतराला ४४ गुणांनी मागे असलेल्या कार्लटनने कॉलिंगवुडला दहा गुणांनी हरवले, २०१० ची ६८-६८ अशी बरोबरी, जिचा फेरसामना पुढच्या आठवड्यात झाला. ग्रँड फायनल बरोबरीत सुटला तर फेरसामन्याऐवजी त्याच दिवशी जादा वेळ खेळवण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, त्यामुळे फेरसामन्यांची ही यादी १९४८, १९७७ आणि २०१० या तीन वर्षांवरच कायमची बंद झाली. ‘यापुढे मोडता न येणारा विक्रम’ असा स्वतंत्र शिक्का या पत्त्यावर मारलेला आहे, आणि ही कल्पना मला फार पसंत पडली. १९६६ च्या पत्त्याला मात्र आमच्या घरी बंदी आहे. सेंट किल्डा १०.१४ (७४), कॉलिंगवुड १०.१३ (७३), बॅरी ब्रीनच्या वेड्यावाकड्या लाथेवर मिळालेल्या एका बिहाइंडने ठरलेले, सेंट किल्डाचे आजवरचे एकमेव विजेतेपद. तो पत्ता निघाला की शेजारचे गृहस्थ काही न बोलता तो गठ्ठ्याच्या तळाशी सरकवतात.

दोन गंभीर तक्रारी उरतात. पहिली अशी की संचावर कोठेही ‘अमुक हंगामापर्यंतची माहिती’ असे छापलेले नाही. हयात विक्रमांच्या बाबतीत हा दोष अक्षम्य आहे. नॉर्थ मेलबर्नच्या ब्रेंट हार्व्हीने २०१६ मध्ये मायकल टकचा ४२६ सामन्यांचा विक्रम मोडून ४३२ वर कारकीर्द संपवली, हे लिहिताना वर्ष दिले की वाक्य कायमचे खरे राहते. ‘सर्वाधिक सामने: ४३२’ असे नुसते छापले की ते कोणत्याही शनिवारी खोटे ठरू शकते. प्रशिक्षकांच्या पत्त्यावर हीच काळजी व्यवस्थित घेतलेली आहे. जॉक मॅकहेलचे कॉलिंगवुडसाठीचे ७१४ सामने १९४९ पर्यंतचे, आणि मिक माल्टहाउसने तो आकडा २०१५ मध्ये ओलांडला, तोही कार्लटनचा प्रशिक्षक म्हणून नेमका कॉलिंगवुडविरुद्धच्या सामन्यात. पुढे ७१८ वर त्याची कारकीर्द थांबली. वर्षे दिल्यामुळे हा पत्ता वीस वर्षांनीही वाचता येईल.

दुसरी तक्रार महिला लीगविषयी. दीडशेपैकी केवळ चार पत्ते महिलांचे आहेत, आणि चारही प्रेक्षकसंख्येचे. ३ फेब्रुवारी २०१७ रोजी कार्लटन आणि कॉलिंगवुड यांच्यातील पहिल्याच सामन्याला २४,५६८ प्रेक्षक आले आणि मैदानाचे दरवाजे बंद करून बाहेर उभ्या असलेल्या लोकांना परत पाठवावे लागले. २०१९ चा अंतिम सामना अ‍ॅडलेड ओव्हलवर ५३,०३४ लोकांनी पाहिला. ही माहिती मोलाची आहे, पण हे विक्रम बघणाऱ्यांचे झाले. खेळणाऱ्यांचे कुठे आहेत? माझ्या मुलीने हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी विचारला होता.

एकूण शिफारस करायची तर, फुटी जाणणाऱ्या घराने हा संच ३५ डॉलरला जरूर घ्यावा. नुकतेच या देशात आलेल्या आणि खेळ शिकू पाहणाऱ्या माणसाने आधी एखादा सामना मैदानावर जाऊन पाहावा आणि मग घ्यावा. पाचपैकी तीन तारे. आमच्या संचातील १९४८ च्या पत्त्यावर मुलीने निळ्या शाईने दोनाचा अंक लिहिला आहे, टीझडेलच्या पत्त्यावर ‘दोन पंच, दुप्पट मते’ अशी टीप मी लिहिली आहे, आणि सेंट किल्डाचे १९०० व २००६ चे पत्ते रबर लावून एकत्र ठेवले आहेत. १९६६ चा पत्ता गेल्या तीन आठवड्यांपासून सापडत नाही. शेजारच्या गृहस्थांना विचारले, तर ते म्हणाले की दीडशेऐवजी एकशे एकोणपन्नास पत्त्यांनीही खेळ उत्तम चालतो.